पाळणाघराचे अनुदान आणि शेतावरची आई

नोकरी किंवा मजुरी करणाऱ्या आईचे मूल दिवसभर सांभाळले जावे यासाठी सरकारने पैसा खर्च करावा, ही कल्पना आपल्याकडे गिरणीच्या फाटकातून आली. आज विदर्भातल्या एखाद्या खेड्यात कापूस वेचायला निघालेली बाई तान्ह्या मुलाला धुऱ्यावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत का टाकते, हे समजून घ्यायचे असेल तर पाळणाघरांचा पैसा गेल्या नव्वद वर्षांत कुठून आला आणि कुठे अडला, ते पाहावे लागते.

ब्रिटिश काळात नेमलेल्या शाही कामगार आयोगाने १९३१ मध्ये अहवाल दिला आणि बायका मोठ्या संख्येने काम करतात अशा कारखान्यांत मुलांसाठी सोय असावी, अशी शिफारस केली. त्यानंतरच्या १९३४ च्या कारखाना कायद्याने प्रांतिक सरकारांना अधिकार दिला की, पन्नासहून अधिक स्त्रिया कामाला असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी स्वतंत्र खोली ठेवण्याची सक्ती त्यांनी करावी. नागपूर ज्यात होते त्या मध्य प्रांतात त्याआधीच, १९३० मध्ये, प्रसूती लाभाचा कायदा झाला होता. १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमुळे नागपुरात गिरणी कामगारांची वस्ती उभी राहिली होती, त्यामुळे हे विषय इथे परके नव्हते. मात्र पाळणाघराची जबाबदारी आणि खर्च दोन्ही मालकाचे होते आणि सरकार फक्त नियम करत होते. वऱ्हाडातल्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये बायका मोठ्या संख्येने राबत असत, पण कायद्याच्या लेखी ते हंगामी कारखाने होते. ज्या शेतातून तो कापूस जिनिंगवर येत होता, त्या शेतावरच्या बाईचा तर या चर्चेत उल्लेखही नव्हता.

स्वातंत्र्यानंतर हाच धागा पुढे गेला. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ४८ ने पाळणाघर बंधनकारक केले आणि १९७६ च्या दुरुस्तीने पन्नास स्त्रियांची अट तीसवर आणली. खाणींसाठी वेगळे नियम झाले. भंडारा जिल्ह्यातल्या मँगनीजच्या खाणींमुळे पूर्व विदर्भाला त्यांचे महत्त्व होते. बिडी कामगारांसाठीच्या १९६६ च्या कायद्यातही पाळणाघराची तरतूद आली. भंडारा-गोंदियाकडची परिस्थिती ज्याला ठाऊक आहे, त्याला ही तरतूद तिथे किती तोकडी पडली हे सांगायला नको. ठेकेदाराकडून तेंदूपत्ता आणि तंबाखू घरी आणायचा, ओसरीत बसून बिड्या वळायच्या आणि मोजून परत द्यायच्या, अशी कामाची पद्धत असल्यावर पाळणाघर उघडायचे कोणत्या आवारात? मूल आईजवळच राहत होते, पण तंबाखूच्या धुळीत राहत होते. कामगार कायद्याने पाळणाघर आवाराशी बांधले आणि विदर्भातल्या बहुसंख्य बायकांच्या कामाला आवारच नव्हते.

दुसरा प्रवाह शिक्षणाच्या बाजूने आला आणि त्याचे एक उगमस्थान विदर्भातच आहे. सेवाग्रामला जानेवारी १९४५ मध्ये झालेल्या परिषदेत नई तालीम या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीची व्याप्ती वाढवून तिच्यात सात वर्षांखालील मुलांचे पूर्वबुनियादी शिक्षण घेतले गेले. त्याच वर्षी ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि वाडीवस्तीच्या अंगणात भरणाऱ्या शाळेची कल्पना प्रत्यक्षात आणली. १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि स्वयंसेवी संस्थांना बालवाड्यांसाठी सरकारी अनुदान मिळू लागले. या कामाचे मोल मोठे आहे. तरीही बालवाडी ही तीन ते सहा वर्षांच्या मुलांची आणि काही तासांची व्यवस्था होती, हे लक्षात ठेवले पाहिजे. निंदणाला गेलेली आई दिवस मावळताना परतते. बालवाडी दुपारीच सुटते आणि दीड वर्षाच्या मुलाला ती मुळात घेतच नाही.

निर्णायक वर्ष १९७५ चे आहे. मीना स्वामीनाथन यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९७२ मध्ये शाळापूर्व मुलांविषयी अहवाल दिला होता आणि १९७४ मध्ये राष्ट्रीय बालधोरण जाहीर झाले होते. त्या पाठोपाठ २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. महाराष्ट्रात तिची सुरुवात शहरी भागात धारावीपासून आणि आदिवासी भागात मेळघाटातल्या धारणीपासून झाली. अंगणवाडीच्या इतिहासात विदर्भ अगदी पहिल्या पानावर आहे. त्याच वर्षी केंद्र सरकारने काम करणाऱ्या आणि आजारी मातांच्या मुलांसाठी पाळणाघरे चालवणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना अनुदान देण्याची स्वतंत्र योजना आणली. एक योजना पोषणाची, दुसरी सांभाळण्याची. पहिली पुढे गावोगाव गेली, दुसरी मागे राहिली.

मागे राहण्याचे कारण तिच्या रचनेत होते, असे मला वाटते. अनुदान कुटुंबाला मिळत नव्हते, संस्थेला मिळत होते. त्यासाठी नोंदणीकृत संस्था हवी, हिशेबाचे लेखापरीक्षण हवे, खर्चाचा काही वाटा संस्थेने स्वतः उचलायला हवा आणि अनुदानाचा हप्ता येईपर्यंत पदरमोड करण्याची ताकद हवी. अशी ताकद असलेल्या संस्था शहरांत आणि फार तर तालुक्याच्या गावी होत्या. त्यामुळे पाळणाघरे उभी राहण्याची शक्यता संस्था होती तिथे होती. जिथे गरज सर्वाधिक होती, त्या झरी-जामणी, कोरची, एटापल्ली, चिखलदरा अशा तालुक्यांतल्या पाड्यांवरून अर्ज करायला कोण जाणार होते?

रोजगार हमीने मात्र वेगळी वाट दाखवली. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला आणि कामाच्या जागी पाणी, सावली यांच्याबरोबर मुलांच्या सांभाळाची सोयही त्यात अपेक्षित होती. २००५ च्या केंद्रीय कायद्याने हे अधिक स्पष्ट केले. कामावर आलेल्या बायकांची सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांना सांभाळायला एका स्त्रीला नेमायचे आणि तिला मजुरी द्यायची. या कलमाची विशेष गोष्ट ही की, त्यात मूल सांभाळणे हे मजुरीचे काम म्हणून मान्य झाले आणि त्यासाठी मध्ये संस्था लागत नव्हती. पण रोजगार हमीची कामे प्रामुख्याने शेतीचा हंगाम नसताना निघतात. जुलै-ऑगस्टमध्ये पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत धानाची रोवणी चालू असते, तेव्हा बाई चिखलात वाकलेली असते. दसऱ्यापासून पुढे यवतमाळ-वर्ध्याकडे सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी एकमेकींना भिडतात. या दोन्ही वेळी ती खासगी शेतावर असते आणि तिथे हे कलम लागू होत नाही. त्या दिवसांत घरातली नऊ-दहा वर्षांची मुलगी शाळा बुडवून धाकट्याला सांभाळते. पाळणाघराचा खर्च सरकारने टाळला की तो असा मोठ्या बहिणीच्या शिक्षणातून वसूल होतो, आणि तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९८८ च्या ‘श्रमशक्ती’ अहवालात असंघटित क्षेत्रातल्या स्त्रियांसाठी पाळणाघरांचा आग्रह धरला. १९९३-९४ मध्ये राष्ट्रीय पाळणाघर निधी उभारला गेला. १ जानेवारी २००६ पासून जुनी योजना आणि हा निधी एकत्र करून राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना झाली आणि पालकांच्या मासिक उत्पन्नाची मर्यादा १,८०० रुपयांवरून १२,००० रुपयांवर गेली. पात्रता वाढली, पण अनुदानाचे आकडे पाहावेत. २५ मुलांच्या पाळणाघरातल्या दोन कार्यकर्त्यांना मिळून महिना २,००० रुपये, पूरक आहाराला दर मुलामागे दिवसाला २ रुपये ८ पैसे, औषधे आणि किरकोळ खर्चाला महिना ३५० रुपये. आहार आणि किरकोळ खर्चाच्या या रकमांपैकीही सरकार ९० टक्केच देणार होते. आठ तास पंचवीस लहान मुले सांभाळणाऱ्या बाईला दिवसाला चाळीस रुपयेही पडत नसत. ही कामे ज्यांनी वर्षानुवर्षे केली, त्यांच्या चिकाटीवर योजना टिकली.

२०१७ पासून योजनेचे नाव राष्ट्रीय पाळणाघर योजना झाले आणि पैशाची वाटणी बदलली. केंद्राने ६०, राज्याने ३० आणि संस्थेने १० टक्के द्यायचे ठरले. मानधन वाढून कार्यकर्तीला ३,००० आणि मदतनीसाला १,५०० रुपये झाले. पालकांनी भरायचे शुल्क दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला महिना २० रुपये, १२,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १०० आणि त्यावरच्यांना २०० रुपये असे ठरले. कागदावर ही रचना गरीब कुटुंबाला परवडणारी आहे. प्रत्यक्षात २०१५ च्या सुमारास देशभरात असलेली सुमारे २३ हजार पाळणाघरे २०२० पर्यंत दहा हजारांच्याही खाली आली. शुल्क कितीही कमी असले, तरी गावात पाळणाघरच नसेल तर ते भरायचे कुठे?

त्याच २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचे झाले, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही तीच संख्या कायम ठेवली. शेतमजूर स्त्रीच्या दृष्टीने ही १९३४ चीच चौकट आहे.

सध्याचा टप्पा अंगणवाडीशी जोडलेला आहे. २०१२ मध्ये बालविकास योजनेची पुनर्रचना करताना पाच टक्के अंगणवाड्यांना पाळणाघर जोडावे, असे ठरले होते. २०२२ मध्ये मिशन शक्तीअंतर्गत ‘पाळणा’ योजना आली आणि तिने अंगणवाडी-सह-पाळणाघर हा नमुना पुढे ठेवला. देशभरात अशी १७ हजार केंद्रे करण्याचे उद्दिष्ट आहे. केंद्र आणि राज्य यांचा वाटा आपल्याकडे ६० आणि ४० टक्के असा आहे, म्हणजे संस्थेने दहा टक्के उभे करण्याची अट गेली. माझ्या मते १९७५ मध्ये वेगळ्या झालेल्या दोन योजना इथे पहिल्यांदा एका छपराखाली येत आहेत आणि दुर्गम तालुक्यांसाठी हाच बदल सर्वांत महत्त्वाचा आहे. अंगणवाडी तिथे आहे, संस्था नव्हती.

आता प्रश्न उरतो तो वेळेचा आणि माणसाचा. महिन्याला २६ दिवस आणि दिवसाला साडेसात तास, तेही परिसरातल्या बहुसंख्य मातांच्या कामाच्या वेळेनुसार, असा पाळणाघराचा नियम २०१७ पासूनच आहे. वेचणीच्या दिवसांत सकाळी स्वयंपाक आटोपून निघालेली बाई कापूस मोजून देऊन घरी येते, तोवर साडेसात तास उलटून गेलेले असतात. रोवणीची वेळ वेगळी, तेंदू हंगामाची पहाट आणखी वेगळी. आधीच आहार, लसीकरण, वजने आणि नोंदी यांत गुंतलेल्या अंगणवाडी सेविकेवर हे वाढीव तास न टाकता पाळणाघरासाठी स्वतंत्र कार्यकर्ती आणि मदतनीस नेमणे, त्यांना निदान शेतमजुरीच्या दराएवढे मानधन देणे आणि हंगामानुसार वेळ ठरवण्याचा अधिकार गावातल्या मातांच्या बैठकीला देणे, या तीन गोष्टींची तजवीज राज्याच्या ४० टक्के वाट्यातून करावी लागेल.