मुक्का रिंगमध्ये, निर्णय चॅनेलवर: बॉक्सिंगच्या प्रक्षेपण करारांची पार्श्वभूमी

लास व्हेगासला शनिवारी रात्री आठला मुख्य लढत सुरू होते, तेव्हा इंदूरच्या रामबागेत रविवारचे सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. तिकडे हिवाळी वेळ असेल तर साडेनऊ. पोह्यांवर शेव घालताघालता अजिंक्यपदाची लढत बघायला मिळते, ती काही आपल्या सोयीसाठी नव्हे. त्या घटकेला न्यूयॉर्कमध्ये अकरा वाजलेले असतात, म्हणजे अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवरचं गिऱ्हाईक जागं असतं. बॉक्सरने रिंगमध्ये कधी उतरायचं हे चॅनेल ठरवतं. कोणाशी लढायचं, हेही पुष्कळदा तेच ठरवतं.

सुरुवातीच्या टीव्हीला हा खेळ फार सोयीचा होता. एक चौकोन, दोन माणसं, वर प्रखर दिवे. अवजड कॅमेरा जागचा हलवावा लागत नसे. तीन मिनिटांच्या फेरीनंतर एक मिनिट विश्रांती, म्हणजे जाहिरातीला आयती जागा. दाढीच्या ब्लेडवाल्या जिलेटने एनबीसी या अमेरिकन चॅनेलवर शुक्रवारच्या लढती वर्षानुवर्षं चालवल्या त्या याच जोरावर. मार बसला तो छोट्या क्लबांना. घरबसल्या फुकट दिसतंय म्हटल्यावर तिकीट कोण काढणार? नवी पोरं जिथे मुरायची ती ठिकाणं बंद पडत गेली आणि कच्चा माल थेट कॅमेऱ्यासमोर येऊ लागला. चक डेव्ही हा डावखुरा, टीव्हीचा लाडका. फेब्रुवारी 1953 मध्ये मुरलेल्या विश्वविजेत्या किड गॅविलानने त्याला धुऊन काढलं.

24 मार्च 1962 ला एबीसीवर थेट प्रक्षेपण चालू असताना एमिल ग्रिफिथने बेनी पॅरेटला कोपऱ्यात गाठून मारलं. पॅरेट दहा दिवसांनी गेला. 1964 मध्ये एबीसीवरची साप्ताहिक लढतींची मालिकाच थांबली. मोठ्या लढती मग थिएटरांच्या पडद्यावर, तिकीट लावून दाखवू लागले. 8 मार्च 1971 च्या लढतीसाठी मोहम्मद अली आणि जो फ्रेझरला प्रत्येकी 25 लाख डॉलर मिळाले ते त्यातूनच. 1975 मध्ये याच दोघांची मनिलातली लढत एचबीओ या वर्गणीच्या केबल चॅनेलने उपग्रहावरून घरात आणली. 1982 मध्ये सीबीएसवर दिसलेल्या लढतीनंतर कोरियन बॉक्सर किम दुक-कू दगावला आणि किताब देणाऱ्या डब्ल्यूबीसी या संघटनेने 15 फेऱ्यांच्या 12 केल्या. कारण सुरक्षिततेचं होतं. पण विश्रांती धरून 15 फेऱ्यांना 59 मिनिटं लागतात आणि 12 ना 47. तासाभराच्या कार्यक्रमात काय बसतं ते उघड आहे.

1991 पासून एचबीओनेही एकेका लढतीचे वेगळे पैसे घ्यायला सुरुवात केली. ग्राहकाच्या रकमेतला साधारण निम्मा वाटा केबलवाले ठेवतात, उरलेल्यात चॅनेल, लढत भरवणारा प्रमोटर आणि दोन बॉक्सर. मे 2015 ची मेवेदर-पॅकियाओ लढत सुमारे 46 लाख घरांनी विकत घेतली, पण एकजण शोटाइम या दुसऱ्या केबल चॅनेलशी बांधलेला, दुसरा एचबीओशी. दोन्ही चॅनेलं एकत्र बसल्याशिवाय ती जुळली नसती. 2002 ची लुईस-टायसन लढतही तशीच जुळली होती. अशा भांडणात बॉक्सरची उमेदीची वर्षं जातात, चॅनेलचं काही जात नाही.

शिवाय ठरलेली रक्कम हातात येत नाही. मॅनेजर एक तृतीयांशापर्यंत घेतो, प्रशिक्षक साधारण 10 टक्के, किताबाची लढत असेल तर संघटना 3 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे एक लाख डॉलरमधले 46 हजार कर भरण्याआधीच गेलेले असू शकतात.

2018 मध्ये डाझन (DAZN) या स्ट्रीमिंग सेवेने मेक्सिकन बॉक्सर कानेलो अल्वारेझशी 11 लढतींचा 36.5 कोटी डॉलरचा करार केला. तीन लढतींनंतर प्रतिस्पर्धी आणि रक्कम यांवरून बिनसलं. 2020 मध्ये तो कोर्टात गेला आणि मोकळा झाला. त्याचं नाव मोठं म्हणून निभावलं. एचबीओने 2018 अखेर आणि शोटाइमने 2023 अखेर बॉक्सिंग सोडलं, तेव्हा मधल्या फळीतल्यांना तो मार्ग नव्हता. बॉक्सर सहसा प्रमोटरशी बांधलेला असतो आणि चॅनेलचा करार प्रमोटरशी असतो. चॅनेल गेलं की तारखा जातात, बॉक्सरची बांधिलकी मात्र राहते. विजेंदर सिंगने 2015 मध्ये ब्रिटिश प्रमोटरशी करार केला, तसा इथला कोणी पोरगा करणार असेल, तर रकमेच्या आकड्याआधी तीन कलमं वाचावीत: वर्षाला किमान किती लढती, प्रत्येकीचं किमान मानधन किती, आणि प्रक्षेपण बंद पडलं तर बाहेर पडता येतं का.