डिझेल एंजिन, जुने : सुरू न होणे व दोषशोधन

डिझेल एंजिन, जुने : सुरू न होणे व दोषशोधन. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नसलेले, यांत्रिक इंधनपंपावर चालणारे डिझेल एंजिन सेल्फ किंवा हँडल मारूनही पेट घेत नसेल, तर कारण शोधण्याची पद्धत. पुणे जिल्ह्यात अशी एंजिने विहिरींवर, जनित्र संचांवर आणि जुन्या टेम्पोंमध्ये अजून आढळतात.

उगम : हवा दाबून तापवायची व तीत इंधन सोडून पेटवायचे, या कल्पनेच्या श्रेयाबद्दल एकमत नाही. हर्बर्ट ॲक्रॉइड स्ट्यूअर्ट यांचे ब्रिटिश एकस्व (पेटंट) १८९० चे. रूडोल्फ डीझेल यांचा जर्मन एकस्वासाठीचा अर्ज १८९२ चा. स्ट्यूअर्ट यांच्या एंजिनात दाब कमी असे, म्हणून सिलिंडरच्या टोकाचा गोळा सुरू करण्यापूर्वी दिव्याने तापवावा लागे. हॉर्न्सबी कंपनीत पुढे दाब वाढवून दिव्याविना असे एंजिन चालवून पाहिले, असा दावा काही ब्रिटिश लेखक करतात. आउग्सबुर्ग येथे १८९७ मध्ये चाचणी झालेले डीझेल यांचे एंजिन मात्र केवळ दाबाच्या उष्णतेवर पेटे. या वादात राष्ट्राभिमान बराच मिसळला असला, तरी बाहेरची उष्णता लागते की नाही हाच निकष धरल्यास श्रेय डीझेल यांच्याकडे जाते, आणि तेच अधिक सयुक्तिक वाटते. गंमत अशी, की १९०९ मध्ये प्रॉस्पर लोरांझ यांनी एकस्व घेतलेल्या पूर्वकक्षाने (इंधन प्रथम जिथे पेटते ती सिलिंडरला जोडलेली छोटी पोकळी) बाहेरच्या उष्णतेची गरज हीटर प्लगच्या (ती पोकळी सुरू करण्यापूर्वी तापवणाऱ्या विजेच्या कांडीच्या) रूपाने परत आणली. बॉशचा बहुनलिका पंप (प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा दट्ट्या असलेला इंधनपंप) १९२७ पासून कारखान्यात मोठ्या संख्येने बनू लागला. येथे विचारात घेतलेली बहुतेक एंजिने त्याच वंशाची आहेत.

भारतातील पहिल्या डिझेल एंजिनाचा मान सहसा साताऱ्याच्या कूपर कारखान्याला दिला जातो व वर्ष १९३३ च्या सुमाराचे सांगतात. किर्लोस्कर ऑइल एंजिन्सची स्थापना १९४६ ची, खडकी येथील. तिच्या एव्ही-१ या एका सिलिंडरच्या, मिनिटाला १,५०० फेऱ्यांना सुमारे ३·७ किलोवॉट देणाऱ्या एंजिनाने पाच अश्वशक्तीचा शेतीपंप घरोघरी नेला.

कारणे : पेट घेण्यास तीन गोष्टी लागतात : पुरेसा वेग, वेळेवर व बारीक तुषारात येणारे इंधन, आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरात हवा पुरेशी दाबली जाणे). काही पुस्तके कॉम्प्रेशनपासून सुरुवात करण्यास सांगतात. ते तर्काला धरून असले, तरी चालत्या एंजिनाच्या पिस्टनच्या रिंगा एका रात्रीत झिजत नाहीत. काल चालू असलेले एंजिन आज बंद असेल, तर आधी इंधन पाहणे बरे. त्याही आधी वेग. मिनिटाला शंभर-दीडशे फेऱ्यांच्या खाली दाबलेली हवा सिलिंडरच्या भिंतींना उष्णता देऊन बसते. सेल्फ मारताना १२ व्होल्टची बॅटरी ९·५ व्होल्टच्या खाली उतरत असेल, तर बॅटरी, तिचे टर्मिनल व अर्थिंगची पट्टी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. हँडलच्या एंजिनात डिकॉम्प्रेशनची कळ (व्हॉल्व्ह उघडा ठेवून दाब सोडणारी) उचलून वेग घेतात व मगच ती सोडतात.

धूर हा सर्वांत स्वस्त मापक. सेल्फ फिरतो पण धूर अजिबात नाही, म्हणजे इंधन सिलिंडरपर्यंत जातच नाही : स्टॉपची कळ किंवा सोलेनॉइड (तेच काम करणारी विजेची कळ) अडकलेला, फिल्टर चोंदलेला, नाहीतर एअर धरलेली (इंधनाच्या नळीत हवा शिरलेली). पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे इंधन जाते पण पेटत नाही. तेथे हीटर, टायमिंग (इंधन सोडण्याची वेळ) आणि कॉम्प्रेशन यांच्याकडे वळावे.

एअर काढणे : पावसाळाभर बंद राहिलेले विहिरीवरचे एंजिन रब्बीला सुरू करताना हा दोष हमखास भेटतो, कारण नळीतले डिझेल टाकीकडे परत उतरलेले असते. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाचा) हातपंप मारत राहावे. प्रथम फुसफुस, मग फेसाळ डिझेल, आणि शेवटी बुडबुड्याविना सलग धार आली की हात न थांबवता स्क्रू आवळावा. तेच पुढे मुख्य पंपाच्या स्क्रूवर. त्यानंतर नोझलकडील (इंधनाचा तुषार सोडणाऱ्या तोटीकडील) नट फेराभर सैल करून सेल्फ मारावा; डिझेल ठोक्याठोक्याने उसळले की नट आवळावे. एअर काढूनही दुसऱ्या दिवशी तोच प्रकार झाल्यास गळती टाकी ते फीड पंप या ओढीच्या बाजूला शोधावी. तेथील फट डिझेल बाहेर टाकत नाही, हवा आत घेते. त्यामुळे जमिनीवर एक थेंबही दिसत नाही. तेवढ्या भागात तात्पुरती पारदर्शक नळी घातली की सरकणारे बुडबुडे दिसतात. दोष बहुधा तांब्याच्या जुन्या वायसरीत किंवा चिरलेल्या रबरी नळीत निघतो.

नोझल व पंप : नोझल उघडण्याचा दाब पूर्वकक्षाच्या एंजिनात साधारण १०० ते १३५ बार, थेट अंतःक्षेपणात (इंधन सरळ सिलिंडरात सोडणाऱ्या एंजिनात) १७५ ते २५० बार असतो. चाचणी यंत्रावर धुके न होता थेंब गळत असतील, तर नोझल बदलावे. तुषाराखाली हात धरू नये. तो कातडीतून आत शिरतो व ती जखम शस्त्रक्रियेची ठरते. पुण्यातील नाना पेठेच्या बाजारातून नवे नोझल आणणे सोपे, पण पंप उघडणे कॅलिब्रेशन यंत्र असलेल्या कारागिरावरच सोडावे. निदान होण्याआधीच पंप सोडवण्याची घाई ही या कामातली सर्वांत खर्चिक सवय होय.

हीटर : टेम्पो ट्रॅक्समधील मर्सिडीज वंशाच्या ओएम ६१६ सारख्या पूर्वकक्ष एंजिनांना हे लागू. तारेच्या जुन्या जातीचे हीटर एकसरीत जोडत, म्हणून एक तुटला की सगळे थंड. पेन्सिल जातीचे समांतर असतात व एक गेल्यास एंजिन अडखळत का होईना चालू होते. हीटर असलेल्या एंजिनात ईथरचा फवारा मारू नये.

कॉम्प्रेशन : सुस्थितीत २५ ते ३५ बार. सिलिंडरात थोडे तेल घालून दाब वाढल्यास दोष रिंगांचा, न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटचा.

अपवाद : किर्लोस्कर कमिन्स (स्थापना १९६२) या पुण्याच्याच कंपनीच्या जुन्या एंजिनांतील पीटी (दाब व वेळ यांवर इंधन मोजणाऱ्या) पद्धतीत उच्च दाब पंपात नव्हे, तर कॅमने दाबल्या जाणाऱ्या इंजेक्टरमध्येच तयार होतो. तेथे उच्च दाबाच्या नळ्या नसल्याने नट सैल करण्याची वरील परीक्षा चालत नाही.