मुंगूस इंग्रजीत कसं गेलं

इंग्रजी 'मंगूस'च्या शेवटी 'गूस' दिसतं. पण गूस या हंसकुळातल्या पक्ष्याचा इथे काहीच संबंध नाही. म्हणून 'गूस'चं अनेकवचन 'गीस' होत असलं, तरी मंगूसचं 'मंगूसेस' असंच होतं. इंग्रजांच्या कानाला ओळखीचा वाटला तो आवाज त्यांनी लिहिला, एवढंच. मूळ शब्द आपला, मुंगूस.

ईस्ट इंडिया कंपनीचा सर्जन जॉन फ्रायर १६७०च्या दशकात सुरत-मुंबईला होता, जुन्नरपर्यंत जाऊन आला होता. १६९८ साली लंडनला छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात 'मंगूस' आहे. फ्रेंचमध्ये मुंगूसचं 'मांगूस्त' झालं.

आपणही हा शब्द शेजाऱ्यांकडून घेतला असावा. संस्कृत नकुलापासून हिंदीत नेवला आला, गुजरातीत नोळियो. मराठी मात्र इथे दक्षिणेकडे वळली: कन्नडमध्ये मुंगुसि, तेलुगूत मुंगिस. मराठी आणि द्राविडी भाषा शतकानुशतकं एकमेकींत किती मिसळल्या, हे मला अशा रोजच्या शब्दांत सगळ्यांत स्पष्ट दिसतं.

पुढे शास्त्रीय नावांत तर हा शब्द भलतीकडेच पोचला. 'मुंगोस मुंगो' हा आफ्रिकेतला पट्टेरी मुंगूस. तो भारतात सापडतच नाही. मादागास्करचा 'युलेमुर मोंगोझ' तर मुंगूसही नाही, लेमूर म्हणजे माकडांचा दूरचा नातलग आहे! आपल्या बांधावरून पळणाऱ्या करड्या मुंगसाच्या शास्त्रीय नावात मात्र हा शब्द नाही. तो 'एडवर्ड्सी' आहे, जॉर्ज एडवर्ड्स या इंग्रज निसर्गअभ्यासकाच्या नावावरून.

सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या स्वीडिश लिनियसने १७५३ साली एका वनस्पतीला 'ओफिओरायझा मुंगोस' हे नाव दिलं. साप चावला की मुंगूस एक मुळी खाऊन बरं होतं, या समजुतीची ती खूण. आपल्याकडे अजूनही ही समजूत ऐकू येते, पण मुंगसाचं संरक्षण मुळीत नाही, त्याच्या स्नायूंत आहे. नागाच्या विषातलं एक प्रथिन स्नायूंवरच्या असिटिलकोलीन ग्राहीला, म्हणजे मेंदूचा निरोप झेलणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं, तो निरोप अडतो, श्वासाचे स्नायू लुळे पडतात आणि माणूस दगावतो. मुंगसाच्या ग्राहीत मोजकी अमिनो आम्लं (प्रथिनाचे घटक) वेगळी आहेत आणि तिथे शर्करेचा एक रेणूही जोडलेला असतो, त्यामुळे विषाला नीट चिकटता येत नाही. हे कवच अभेद्य नाही. विष पुरेसं भिनलं तर मुंगूसही मरतं, म्हणूनच नागासमोर त्याची खरी भिस्त चपळाईवर असते.