आदळणं वेगळं, भेटणं वेगळं: तारकागुच्छात जोड्या कशा जमतात

गोलाकार तारकागुच्छ म्हणजे गुरुत्वाकर्षणाने बांधलेला ताऱ्यांचा गोल थवा; त्याच्या गाभ्यात ताऱ्यांची दाटी असते, हे ठाऊकच असतं. त्यापुढचं वाक्य मात्र हमखास चुकतं: ‘तिथे तारे आदळतात आणि जोडतारे, म्हणजे एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे, तयार होतात.’ आदळले तर दोनाचा एक होतो, जोडी कुठून येणार? खगोलशास्त्रज्ञ ॲलन सँडेज यांना १९५३ मध्ये एम ३ गुच्छात वयाच्या मानाने फारच निळे तारे दिसले; त्यांच्यासारखे काही तारे अशा विलीनीकरणातून बनतात. त्याबद्दल एवढं पुरे.

खरा घोळ भेटीचा आहे. ‘एका ताऱ्याने दुसऱ्याला पकडलं’ ही शब्दयोजना बंदच व्हायला हवी. दोन सुटे तारे जवळ येतात, वेग घेतात, वळसा घालतात आणि आणलेली ऊर्जा तशीच घेऊन निघून जातात. ती कुणी काढून घेतल्याशिवाय जोडी बांधली जात नाही. तारे दोन-तीन त्रिज्यांइतक्या अंतरावरून गेले, तर एकमेकांत उठवलेल्या भरतीत थोडी ऊर्जा जिरते. एरवी तिसरा तारा लागतोच.

म्हणून बहुतेक खेळ आधीच असलेल्या जोडीभोवती चालतो. तिऱ्हाईत तारा आत घुसतो, तिघांची झटापट होते आणि बहुधा सर्वांत हलका बाहेर फेकला जातो. दोन जोड्या भिडल्या, तर एक तारा ऊर्जा घेऊन सुटतो आणि उरलेल्यांचं त्रिकूट जमू शकतं. मात्र बाहेरच्या ताऱ्याची कक्षा आतल्या जोडीच्या कक्षेपेक्षा काही पट मोठी हवी, नाहीतर तेही फुटतं.

जोडी घट्ट की सैल, यावर सगळं ठरतं. गुच्छात तारे सेकंदाला साधारण १० किलोमीटर वेगाने हिंडतात. सूर्याएवढे दोन तारे पृथ्वी-सूर्य अंतरावर असतील, तर त्यांचा परस्परवेग सेकंदाला ४२ किलोमीटर असतो. अशी जोडी भेटीगणिक सहसा आणखी आवळते. अंतर शंभरपट केलं की वेग ४ वर येतो आणि येणारा-जाणारा तारा ती मोडून टाकतो.

जोडीदार बदलल्याचा पुरावा नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने दिला. तिने एनजीसी १८५१ गुच्छात शोधलेला पल्सार, म्हणजे स्वतःभोवती गरगरत रेडिओ स्पंद पाठवणारा मृत ताऱ्याचा घट्ट गाभा, २००४ मध्ये जाहीर झाला. तो स्वतःभोवती सेकंदाला सुमारे २०० वेळा फिरतो. इतकी गती जोडीदाराचा वायू ओढून मिळते आणि त्या काळात कक्षा गोल होते. याची १८.८ दिवसांची कक्षा मात्र कमालीची लांबट आहे, विकेंद्रता ०.८९ (गोल कक्षेची शून्य असते). म्हणजे वायू देणारा हलका जोडीदार हुसकला गेला, आजचा जड जोडीदार नंतर आला.