घरातली मारहाण ऑफिसपर्यंत कशी पोचली

नवरा बायकोला मारतो यात तिच्या कंपनीचा काय संबंध, असंच खूप वर्षं सगळे धरून चालले होते. १९७१ मध्ये लंडनच्या चिझिक भागात मार खाणाऱ्या बायकांसाठी आसरा सुरू झाला, मग इतर देशांतही झाले, पण तेव्हा सगळं लक्ष तिला घरातून बाहेर कसं काढायचं यावरच होतं. ते बरोबरच होतं म्हणा. फक्त घर सोडलं, पत्ता बदलला, तरी नोकरी तीच राहते ना, आणि ती किती वाजता येते, कुठल्या गेटने बाहेर पडते हे त्याला पाठ असतं. शिवाय ऑफिसला सतत फोन करायचे, निघताना गाडीची चावी लपवायची, म्हणजे तिचा पगार बंद होईल आणि ती कुठे जाऊ शकणार नाही, हा पण छळच.

आकडा आला तेव्हा मालक लोक जरा जागे झाले. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, २००३ मध्ये हिशोब मांडला की जोडीदाराच्या हिंसेमुळे तिथल्या बायकांचे वर्षाला जवळपास ८० लाख पगारी कामाचे दिवस बुडतात. कॅनडात ऑन्टारियोमध्ये मात्र २००५ मध्ये एका नर्सचा हॉस्पिटलमध्ये ड्युटीवर असताना तिच्याच आधीच्या जोडीदाराने खून केला, तेव्हा कुठे कायदा हलला, आणि २०१० पासून असा धोका कामावर येऊ शकतो हे कळल्यावर मालकाने काहीतरी करणं सक्तीचं झालं. आपल्याकडच्या २००५ च्या घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यातही कोर्ट मारणाऱ्याला तिच्या कामाच्या जागी जायला मनाई करू शकतं, हे फार कमी जणांना माहीत असतं.

सुट्टीचा मुद्दा वेगळा. कोर्ट, पोलीस, डॉक्टर, सगळं ऑफिसच्याच वेळेत असतं, मग ती जाणार कधी? फिलिपिन्सने २००४ मध्येच १० दिवसांची पगारी रजा दिली, न्यूझीलंडने २०१८ मध्ये कायदा केला. २०१९ मध्ये आयएलओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या, १९० व्या करारात घरगुती हिंसेचा कामावर होणारा परिणाम लिहूनच टाकला.

ऑस्ट्रेलियात २०२३ पासून १० दिवसांची पगारी रजा मिळते, आणि त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे ती रजा पगाराच्या स्लिपवर दाखवायची नाही असा नियम आहे, कारण स्लिप घरी तोच उघडून बघू शकतो.