सिकलसेलचा उंदीर: एक जनुक घातलं की झालं?

‘उंदरात माणसाचं सिकलसेलचं जनुक घातलं की उंदराला सिकलसेल होतो.’ सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. अर्धंच खरं आहे ते.

सुरुवातीला शास्त्रज्ञांनी तसं करून पाहिलं. माणसाचं बिघडलेलं बीटा ग्लोबिन जनुक (हिमोग्लोबिनचा एक भाग बनवणारं) उंदरात आलं, पण उंदीर बऱ्यापैकी ठणठणीत! कारण त्याच तांबड्या पेशीत त्याचं स्वतःचं हिमोग्लोबिनही बनत होतं. ऑक्सिजन कमी झाला की सिकल हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या वळतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. उंदराचं हिमोग्लोबिन मध्येच कडमडून या दोऱ्या नीट वळूच देत नव्हतं. शेवटी प्रौढ उंदराचं स्वतःचं हिमोग्लोबिन बनवणारी ग्लोबिन जनुकं बंद पाडावी लागली. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या बर्कले आणि अलाबामा इथल्या दोन गटांनी असे उंदीर तयार केले. मग कुठे ॲनिमिया, वाढलेली प्लीहा, अवयवांची हानी असं सगळं दिसलं.

आणि ‘उंदीर बरा झाला, म्हणजे औषध आलंच’ ही दुसरी आवई. उंदीर म्हणजे माणूस नव्हे: उंदराची तांबडी पेशी साधारण ४० दिवस जगते, आपली १२०. जीन थेरपीनं, म्हणजे जनुकाच्या पातळीवरच्या उपचारानं, उंदरांमधला आजार २००१ मध्येच आटोक्यात आला होता. अमेरिकेत माणसांसाठी मंजुरी मिळायला डिसेंबर २०२३ उजाडला. उलट विदर्भातल्या सिकलसेलच्या पेशंटना माहीत असलेलं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध? त्याच्या माणसांवरच्या मोठ्या चाचणीचे निकाल १९९५ मध्येच आले होते, हे उंदीर जगासमोर येण्याच्या दोन वर्षं आधी.