मॅन्सफील्ड सुधारगृह

अमेरिकेतील ओहायओ राज्याच्या मॅन्सफील्ड शहरातला जुना तुरुंग; आता संग्रहालय. इंग्रजी नाव ‘ओहायओ स्टेट रिफॉर्मेटरी’. ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ (१९९४) या चित्रपटामुळे तो जगभर ओळखीचा झाला. शॉशँक नावाचा तुरुंग प्रत्यक्षात कोठेच नाही. कथेत तो मेन राज्यात आहे. चित्रीकरण १९९३ च्या उन्हाळ्यात येथे झाले.

कोनशिला ४ नोव्हेंबर १८८६ रोजी बसवण्यात आली. सुमारे १५० कैद्यांची पहिली तुकडी राज्याची राजधानी कोलंबस येथून आगगाडीने आली, ती सप्टेंबर १८९६ च्या मध्यास. नेमका दिवस निरनिराळा दिला जातो. बांधकाम पुढेही चालू होते व ते १९१० च्या सुमारास पुरे झाले असे मानतात. मुलांची सुधारशाळा आणि कोलंबसचा मोठा तुरुंग यांच्या मधली पायरी म्हणून, सुधारण्याची आशा असलेल्या तरुण गुन्हेगारांसाठी ही संस्था योजलेली होती. क्लीव्हलंडचे वास्तुविशारद लेव्ही स्कोफील्ड यांनी तिला गढीसारखे मनोरे आणि उंच दर्शनी भाग दिला. वास्तूच्या भव्यतेने कैद्याचे मन पालटेल, अशी त्यामागची धारणा होती. शैलीबाबत एकमत नाही; क्वीन ॲन व गॉथिक या वास्तुशैलींच्या छटाही दाखवल्या जातात. गोल कमानी आणि दगडी भिंतींचा भरभक्कमपणा पाहता रोमनेस्क पुनरुज्जीवन (मध्ययुगीन युरोपीय शैलीचा नवा अवतार) हेच नाव अधिक रास्त वाटते.

पूर्वेकडील कोठड्यांचा सहा मजली पोलादी सांगाडा जगातील या प्रकारचा सर्वांत मोठा समजला जातो. तो बाहेरच्या दगडी भिंतीला टेकलेला नाही. कोठड्या एकमेकींना पाठ लावून उभ्या आहेत, समोर अरुंद लोखंडी सज्जा, मग मोकळी पोकळी आणि पलीकडे उंच खिडक्यांची भिंत. गजांमागे उभ्या राहणाऱ्याला समोर दुसरा कैदी दिसत नाही. दिसते ती भिंत.

चित्रपटात मात्र कोठड्या समोरासमोर आहेत. तो भाग शहरातल्याच वेस्टिंगहाउस कंपनीच्या बंद पडलेल्या गोदामात उभारलेला सेट होता. याची दोन कारणे सांगितली जातात : इमारतीची दुरवस्था आणि कोठड्यांची वर सांगितलेली रचना. दुसरे कारण अधिक पटते, कारण कैद्यांनी गजांतून एकमेकांना पाहणे कथेला हवे होते आणि नुसत्या डागडुजीने ते साधले नसते. वॉर्डनची (तुरुंगप्रमुखाची) कचेरी मात्र याच इमारतीतली आहे. ब्रुक्स हे पात्र जिथे गळफास घेते ती खोलीही येथेच दाखवतात. तुळईवर कोरलेल्या त्याच्या नावाखाली पर्यटक हमखास थबकतात.

चित्रपटाच्या आठवणीत खरा इतिहास झाकला जाऊ नये. गर्दी व अमानुष परिस्थितीविरुद्ध १९७८ मध्ये कैद्यांच्या वतीने दावा दाखल झाला, १९८३ मध्ये तडजोड झाली आणि तुरुंग १९८६ अखेर बंद करण्याचे ठरले. प्रत्यक्षात तो ३१ डिसेंबर १९९० रोजी बंद झाला. त्याच्या जागी बांधलेला नवा तुरुंग शेजारीच असून तो आजही चालू आहे. आवारातील बऱ्याच जोडइमारती आणि बाहेरची भिंत पुढे पाडली गेली. मुख्य इमारत वाचली ती १९९५ मध्ये स्थापन झालेल्या जतन संस्थेमुळे. प्रवेशशुल्कातून दुरुस्ती चालते. कचेऱ्यांचा काही भाग पूर्ववत केला आहे. कोठड्यांत मात्र गंजलेल्या खाटा आणि भिंतींवरून पापुद्र्यांनी सुटणारा रंग तसाच ठेवला आहे, हे योग्यच झाले. रात्रीच्या भुताटकीच्या फेऱ्याही होतात.

चित्रीकरणाची आसपासची स्थळे जोडून ‘शॉशँक ट्रेल’ हा पर्यटनमार्ग आखला आहे. लूकस गावाजवळच्या मलाबार फार्म या उद्यानाशेजारील, चित्रपटात दिसणारे ओकचे झाड त्यातच येई. २०११ मध्ये वादळात ते दुभंगले आणि जुलै २०१६ मध्ये उरलेले खोडही कोसळले.